आइस-टीची कारकीर्द : 'सिक्स इन द मॉर्निंग'पासून फिन टुटुओलापर्यंत

कातळशिल्प (धागाकर्ता)

'लॉ अँड ऑर्डर: स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' या अमेरिकी मालिकेत २००० सालापासून फिन टुटुओला या पोलिसाचे काम करणारा नट आणि १९९२ साली ज्याच्या एका गाण्यावरून अमेरिकेतल्या पोलीस संघटनांनी बहिष्काराची हाक दिली तो गायक एकच, ही गोष्ट आइस-टीविषयी कुठेही वाचायला गेले तरी कौतुकाने किंवा कुत्सितपणे सांगितलेली आढळते. पोलिसांच्या नावाने शंख करणारा अखेर पोलिसाचा बिल्ला लावून पोट भरू लागला, असा त्या सांगण्याचा सूर असतो. मला तो पटत नाही, आणि का पटत नाही हे सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे असे, की या माणसाच्या गायक आणि नट अशा दोन कारकिर्दी नाहीतच. दुसऱ्या कोणाच्या तरी कातडीत शिरून, 'मी' म्हणत, त्याची गोष्ट सांगणे हे एकच काम तो चाळीस वर्षे करत आला आहे. माध्यम तेवढे बदलले.

त्याचे मूळ नाव ट्रेसी मॅरो. जन्म १६ फेब्रुवारी १९५८ रोजी न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्कचा. बालपण जवळच्या समिट या गावी गेले. तो तिसरीत असताना आई हृदयविकाराने गेली आणि काही वर्षांनी वडीलही त्याच आजाराने गेले. पोरक्या झालेल्या या मुलाला लॉस एंजेलिसच्या नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. तिथे ज्याच्याबरोबर एका खोलीत राहावे लागले तो त्या घरचा मोठा मुलगा रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या भजनी लागलेला होता आणि खोलीतला रेडिओ सदैव रॉक वाजवणाऱ्या केंद्रावर लावलेला असे. पुढे हेवी मेटल वाजवणारा वाद्यवृंद काढावासा त्याला का वाटला, याचे मूळ या खोलीत आहे.

क्रेनशॉ हायस्कूलच्या परिसरात टोळ्यांचे राज्य होते. त्यांच्यात वावरताना या मुलाने एक वेगळेच कसब कमावले. आइसबर्ग स्लिम या टोपणनावाने लिहिणारे रॉबर्ट बेक हे एकेकाळी वेश्याव्यवसायातले दलाल होते आणि त्यांनी त्या जगावर पुस्तके लिहिली होती. त्या पुस्तकांतले उतारेच्या उतारे हा मुलगा तोंडपाठ करी आणि सोबत्यांना म्हणून दाखवी. सोबती आणखी ऐकवण्याचा आग्रह करीत, आणि त्या आग्रहातूनच त्याला 'आइस-टी' हे नाव पडले. म्हणजे ज्या नावाने तो जगाला ठाऊक झाला ते नावच मुळी दुसऱ्याचे बोल आपल्या मुखाने सादर करण्यातून आलेले आहे. हा तपशील मला त्याच्या साऱ्या चरित्रात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

लहान वयात मुलीचा बाप झाल्यावर, बांधील उत्पन्न हवे म्हणून, तो १९७७ मध्ये सैन्यात भरती झाला. हवाई बेटांवरच्या छावणीत असताना त्याने तबकड्या वाजवण्याची यंत्रे, मिक्सर आणि स्पीकर विकत घेतले. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, शुगरहिल गँगची पहिली गाजलेली रॅप तबकडी आली होती. लॉस एंजेलिसला परतल्यावर त्याने काही काळ जवाहिऱ्यांच्या दुकानांवर हात मारण्याचे धंदे केले, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात आणि मुलाखतींत सांगितलेले आहे. १९८३ मध्ये 'द कोल्डेस्ट रॅप' ही पहिली तबकडी निघाली. मॅकआर्थर पार्कजवळच्या क्लबमध्ये तो ध्वनिक्षेपक हातात घेऊन तरुणांना नाचवीत असे, आणि 'ब्रेकिन' या १९८४ च्या नृत्यपटात त्याने तसेच काम केले. त्या चित्रपटाविषयी तो पुढे फारसे बरे बोललेला नाही. तरीही कालक्रम ध्यानात घ्यावा: पहिला स्वतंत्र अल्बम निघण्याच्या तीन वर्षे आधी तो पडद्यावर आलेला होता.

त्या काळातले लॉस एंजेलिसचे रॅप म्हणजे प्रामुख्याने नाचाचे, यंत्रावर बांधलेल्या वेगवान ठेक्याचे संगीत. १९८६ मध्ये एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे जी बाजू रेडिओवर वाजावी अशी कंपनीची अपेक्षाही नसते तिथे, 'सिक्स इन द मॉर्निंग' हे गाणे आले. पहाटे सहाला पोलीस दारावर येतात, निवेदक मागच्या खिडकीतून पळ काढतो, त्याच्या बुटांचा फरशीवर होणारा आवाजही आपल्याला ऐकवला जातो, आणि तिथून पुढे रस्ता, साथीदार, अटक, तुरुंगातली वर्षे आणि सुटका असा प्रवास होतो. ठेका अगदी उघडावाघडा आहे. त्यावर एक माणूस, आवाज न चढवता, जणू काल घडलेली हकिगत सांगावी तसा बोलत राहतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या रॅपला पुढे 'गँगस्टा' म्हटले गेले त्याची पायाभरणी या गाण्याने केली.

मग सायर या कंपनीने त्याला करारबद्ध केले आणि 'राइम पेज' (१९८७), 'पॉवर' (१९८८), 'द आइसबर्ग' (१९८९) हे अल्बम एकामागून एक आले. डेनिस हॉपर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'कलर्स' या टोळीयुद्धावरच्या चित्रपटाचे शीर्षकगीत १९८८ मध्ये त्यानेच केले. तोवर पालकांच्या एका संघटनेने तबकड्यांवर इशाऱ्याची चिठ्ठी डकवण्यासाठी मोहीम चालवली होती, आणि 'द आइसबर्ग'चा बराचसा भाग त्या मोहिमेला दिलेले उत्तर आहे.

आता १९९१ हे वर्ष. माझा सगळा मुद्दा या एका वर्षावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मारिओ व्हॅन पीबल्स यांनी 'न्यू जॅक सिटी' या चित्रपटात त्याला स्कॉटी ॲपल्टन या गुप्त पोलिसाची भूमिका देऊ केली. हा चित्रपट न्यूयॉर्कमधल्या क्रॅक कोकेनच्या धंद्यावर आहे. वेस्ली स्नाइप्स यांनी नीनो ब्राउन हा टोळीप्रमुख साकारला आणि आइस-टीने त्याच्या मागावर असलेला पोलीस. पोलिसाचे काम स्वीकारले तर आपल्या वस्तीतले लोक काय म्हणतील, या धास्तीने त्याने आधी मित्रांचा कौल घेतला, असे त्याने सांगितलेले आहे. याच चित्रपटासाठी त्याने 'न्यू जॅक हसलर' हे गाणे केले. ते गाणे पोलिसाच्या तोंडी नाही; ते अमली पदार्थ विकणाऱ्याच्या तोंडी आहे. पैशाचा कैफ, आपणच आपल्या वस्तीचा घात करतो आहोत याची बोचणी, आणि आपल्याला दुसरी कुठली वाट कोणी ठेवली होती का हा सवाल, हे सगळे तो विक्रेता एका श्वासात बोलतो. एकाच चित्रपटात पडद्यावर पाठलाग करणारा आणि ध्वनिपट्टीवर पळणारा, दोन्ही तोच. आधी एक बाजू आणि मग पश्चात्ताप होऊन दुसरी, असा प्रकार इथे नाहीच. नाटककाराला दोन्ही पात्रे लिहावी लागतात, आणि आइस-टीने १९९१ मध्ये तेच केले होते.

त्याच वर्षी मे महिन्यात 'ओ. जी. ओरिजिनल गँगस्टर' आला. मी तो त्याचा सर्वोत्तम अल्बम मानतो. उन्हाळ्यात लोलापलूझा या फिरत्या महोत्सवात त्याने शाळेतला सोबती एर्नी सी याच्यासह काढलेला बॉडी काउंट हा मेटल वाद्यवृंद रंगमंचावर आणला. त्यातले एक गाणे होते 'कॉप किलर'. मार्च १९९२ मध्ये अल्बम निघाला. २९ एप्रिलला रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण केल्याचा आरोप असलेल्या पोलिसांना ज्यूरीने दोषमुक्त ठरवले, लॉस एंजेलिस पेटले, पन्नासहून अधिक माणसे मेली. जूनमध्ये टेक्सासच्या पोलीस संघटनांनी टाइम वॉर्नरवर, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या मालक कंपनीवर, बहिष्काराची हाक दिली. उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल त्यात उतरले, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अशा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांवर टीका केली आणि जुलैमध्ये अभिनेते चार्लटन हेस्टन यांनी कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्या अल्बममधल्या ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या. निवडणुकीचे वर्ष होते, हे विसरू नये. दुसऱ्या बाजूला कृष्णवर्णीय पोलिसांच्या राष्ट्रीय संघटनेने या बहिष्काराला विरोध केला, कारण गाण्याच्या मुळाशी असलेली पोलिसी मारहाण खरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ही बाजू फार क्वचित सांगितली जाते.

आइस-टीचे उत्तर असे होते, की हे गाणे पोलिसी अत्याचाराला विटलेल्या एका पात्राचे आहे. आपण कधी कोणा पोलिसाला मारलेले नाही. आणि मला पोलिसांचा मारेकरी मानणाऱ्याने, अंतराळवीराच्या तोंडी गाणे म्हणणाऱ्या डेव्हिड बोवीलाही अंतराळवीर मानावे. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना धमक्या येऊ लागल्यावर जुलैअखेरीस त्याने स्वतःहून ते गाणे अल्बममधून काढून घेतले. पुढच्या अल्बमवरून मतभेद झाले आणि १९९३ च्या आरंभी त्याने कंपनीशी फारकत घेतली.

त्यानंतरचे चित्रपट मी भरभर सांगतो, कारण त्यांतले बरेचसे तेवढ्याच लायकीचे आहेत. 'ट्रेसपास' (१९९२) मध्ये आइस क्यूबबरोबरची त्याची जुगलबंदी पाहण्याजोगी आहे. 'सर्व्हायव्हिंग द गेम' (१९९४) मध्ये श्रीमंत शिकाऱ्यांनी सावज म्हणून जंगलात नेलेला बेघर माणूस त्याने मनापासून उभा केला. 'जॉनी निमॉनिक' (१९९५) मध्ये तो आहे एवढेच. खरे वळण आले ते दूरचित्रवाणीवर. निर्माते डिक वुल्फ यांच्या 'न्यूयॉर्क अंडरकव्हर' या मालिकेत त्याने गुन्हेगार साकारला, त्याबद्दल त्याला कृष्णवर्णीयांच्या 'एनएएसीपी' या संस्थेचा इमेज पुरस्कार मिळाला, आणि वुल्फ यांनीच त्याला २००० मध्ये 'स्पेशल व्हिक्टिम्स युनिट'च्या दुसऱ्या पर्वात, सुरुवातीला मोजक्या भागांसाठी, बोलावले. ते मोजके भाग अद्याप संपलेले नाहीत.

जाणकारांनी आपली मते जरूर मांडावीत. विरोधी मतांचे विशेष स्वागत आहे.

मृदंगी

लेख आवडला, मात्र 'पायाभरणी' हा शब्द जपून वापरायला हवा, असे माझे मत आहे. फिलाडेल्फियाच्या स्कूली डी यांचे 'पी. एस. के.' हे गाणे १९८५ मध्ये आलेले होते, आणि त्यावरूनच आपल्याला 'सिक्स इन द मॉर्निंग' सुचल्याचे आइस-टीने कधीच लपवलेले नाही. खुद्द लॉस एंजेलिसमध्येही टॉडी टी यांचे 'बॅटरॅम' १९८५ चेच. पोलिसांनी अमली पदार्थांच्या अड्ड्यांच्या भिंती फोडण्यासाठी आणलेल्या चिलखती वाहनावर ते गाणे आहे आणि शहराच्या रस्त्यांवर काय चालले आहे याची ती जवळजवळ बातमीच होती. तेव्हा आधी कोण, या प्रश्नाचे उत्तर एका नावावर थांबत नाही.

तरीही आइस-टीने नवे काय आणले, हे सांगता येते. स्कूली डी यांच्या गाण्यात रुबाब आहे आणि वातावरण आहे, पण काळ पुढे सरकत नाही. आइस-टीच्या गाण्यात वर्षे उलटतात. निवेदक तुरुंगात जातो, बाहेर येतो, बाहेरचे जग बदललेले असते आणि तो स्वतः फारसा बदललेला नसतो. कृतीला परिणाम असतो, ही गोष्ट त्याने रॅपच्या कथनात आणली. दोन वर्षांनी आलेल्या एन. डब्ल्यू. ए. या चमूचा संताप अधिक स्फोटक होता आणि विक्रीही अधिक झाली, परंतु कथनाची ही शिस्त मला त्यांच्यापेक्षा आइस-टीकडे जास्त दिसते. त्याच्या उच्चारातली स्पष्टताही यात मोडते. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा आपल्यासारख्या श्रोत्यांना त्याची गाणी पहिल्याच ऐकण्यात समजतात, आणि हे रॅपमध्ये सहसा घडत नाही.

सांजवारा

मला काही गोष्टी खटकल्या आणि त्या स्पष्टपणे लिहिते.

'ते पात्र बोलते आहे, मी नाही' हा बचाव फार सोयीचा आहे. 'कॉप किलर'पुरता मी तो मान्य करीन, कारण त्या गाण्यामागे रॉडनी किंग यांच्यासारखी घडलेली आणि चित्रफितीवर नोंदली गेलेली घटना होती आणि त्यातला क्रोध आकाशातून पडलेला नव्हता. परंतु याच गायकाच्या सुरुवातीच्या अल्बमांतून स्त्रियांविषयी जे बोलले गेले आहे, त्याला कोणत्या अत्याचाराचे उत्तर म्हणायचे? 'पॉवर'च्या मुखपृष्ठावर त्याची तेव्हाची जोडीदार डार्लीन ऑर्टीझ पोहण्याच्या तोकड्या वेषात, हातात बंदूक घेऊन उभी आहे. तिथे स्त्री हे पात्र नाही, ती सजावट आहे. ज्या आइसबर्ग स्लिम यांच्या उताऱ्यांचा आपण कौतुकाने उल्लेख केलात, त्या उताऱ्यांतल्या स्त्रियांचे काय होते हेही सांगायला हवे होते. दलालाच्या तोंडून गोष्ट सांगणारा कलावंत दलालाच्या नजरेतून कितपत सुटतो, हा प्रश्न मला आइस-टीच्या बाबतीत नेहमी पडतो.

आणि पुढे हाच माणूस लैंगिक अत्याचारांच्या तपासावरच्या मालिकेत पाव शतक काम करतो. आपण त्याला सलगता म्हणता. मला तिथे सलगता दिसत नाही, तुटलेपण दिसते, आणि त्या तुटलेपणाचा हिशेब त्याने आपल्या कलेतून दिला असता तर मला तो मोठा कलावंत वाटला असता.

कातळशिल्प (धागाकर्ता)

सांजवारा, आपला आक्षेप वजनदार आहे आणि त्याला बगल देण्याची माझी इच्छा नाही. पात्राच्या तोंडून बोलणे हा बचाव एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: या शब्दांसाठी गायकाला गुन्हेगार धरावे का? ते पात्र कशासाठी निवडले आणि त्याच्याकडे गायक स्वतः कोणत्या अंतरावरून पाहतो, या प्रश्नाचे उत्तर त्या बचावात नाही. 'न्यू जॅक हसलर'मध्ये ते अंतर आहे, विक्रेता बोलता बोलता स्वतःलाच उघडा पाडतो. स्त्रियांविषयीच्या पुष्कळ गाण्यांत ते अंतर नाही, आणि ती गाणी म्हणूनच मला दुबळी वाटतात, निव्वळ असभ्य म्हणून नव्हे.

मात्र मालिकेबाबत एक बाब नोंदवतो. फिन या पात्राला केन नावाचा मुलगा आहे आणि तो समलिंगी असल्याचे बापाला उशिरा कळते. बाप-लेकातला अवघडलेपणा आणि बापाचे हळूहळू मवाळ होणे या मालिकेने अनेक वर्षांच्या अंतराने, तुकड्यातुकड्याने दाखवले आहे. त्या प्रसंगांत आइस-टी फार कमी बोलतो. खांदे किंचित पडतात, नजर मुलाच्या चेहऱ्यावरून बाजूला जाते, आणि पुढचे वाक्य नेहमीच्या ठसक्याऐवजी खालच्या पट्टीत येते. ज्याची सारी ख्याती पुरुषी कणखरपणावर उभी आहे त्या माणसाने हे करणे म्हणजे हिशेब देणे नव्हे, हे मान्य. परंतु तो भाग अगदी कोराही नाही.

तबकडीप्रेमी

बॉडी काउंटकडे धाग्यात थोडे दुर्लक्ष झाले आहे, म्हणून भर घालतो. 'कॉप किलर' हे रॅप नाही. ते मेटल आहे, सरळसरळ गिटारीच्या भिंतीवर ओरडून म्हटलेले. तरीही १९९२ मध्ये अनेक राजकारण्यांनी आणि वृत्तपत्रांनी त्याला बेधडक रॅप म्हटले. गोऱ्या मुलांच्या मेटल आणि पंक वाद्यवृंदांनी पोलिसांविरुद्ध याआधी काय काय म्हटले होते ते शोधून पाहावे. त्यासाठी राष्ट्राध्यक्षांना बोलावे लागले नव्हते. त्वचेचा रंग पाहून संगीताचा प्रकार ठरवला गेला, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, आणि आइस-टीने स्वतः हेच वारंवार मांडले आहे.

या वाद्यवृंदाची पुढची वाटचाल दुःखाची आहे. तालवादक बीटमास्टर व्ही १९९६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला, बास गिटार वाजवणारा मूसमॅन २००१ मध्ये गोळीबारात मारला गेला आणि गिटारवादक डी-रॉक २००४ मध्ये कर्करोगाने गेला. मूळ संचातले आइस-टी आणि एर्नी सी हे दोघे उरले आणि त्यांनी नवी माणसे जमवून काम चालू ठेवले. 'ब्लडलस्ट' (२०१७) आणि 'कार्निव्होर' (२०२०) हे अल्बम ज्यांनी ऐकले नसतील त्यांनी ऐकावेत. साठीला आलेला माणूस इतक्या ताकदीने म्हणतो याचे नवल वाटते. 'कार्निव्होर'मधल्या 'बम-रश' या गाण्याला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट मेटल सादरीकरणाचे ग्रॅमी मिळाले. २०२४ च्या 'मर्सिलेस'मध्ये त्यांनी पिंक फ्लॉइडचे 'कम्फर्टेबली नम्ब' नव्या शब्दांनी बांधले आणि त्यात पिंक फ्लॉइडचेच गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी स्वतः गिटार वाजवली. लहानपणी ज्या खोलीत सक्तीने रॉक ऐकावे लागले त्या मुलाला यापेक्षा मोठी पावती कोणती मिळणार?

शब्दवेध

मराठी वाचकाला धागाकर्त्याचा मुद्दा पटायला अवघड जाऊ नये. आपल्या शाहिरांनी, म्हणजे राम जोशी, होनाजी, सगनभाऊ यांनी, विरहिणीच्या आणि शृंगारिणीच्या तोंडी लावण्या रचल्या आणि त्या आपण ऐकल्या. ती स्त्री म्हणजे शाहीर स्वतः, असा घोळ कोणी घातला नाही. 'मी' म्हणणारा आणि रचणारा वेगळा असतो, हे लावणीच्या श्रोत्याला शिकवावे लागत नाही. रॅपच्या बाबतीत मात्र श्रोत्याची ही समज कशी नाहीशी होते? एक कारण मला दिसते ते असे, की रॅपर स्वतःच आपल्या अस्सलपणाची ग्वाही देत फिरतो, मी हे जगलो आहे असे सांगतो आणि त्या सांगण्यावर तबकड्या खपतात. मग अडचणीच्या वेळी 'ते पात्र होते' म्हटल्यावर लोकांनी चटकन विश्वास ठेवावा, ही अपेक्षा जरा जास्तच होते. आइस-टी या पेचातून पूर्णपणे सुटला असे मला वाटत नाही, पण निदान त्याने तो पेच जाहीरपणे बोलून दाखवला.

नेपथ्य

अभिनयाच्या अंगाने चार गोष्टी लिहितो. रॅपमधून अभिनयात आलेल्यांची रांग मोठी आहे. विल स्मिथला १९९० मध्ये स्वतःची विनोदी मालिका मिळाली आणि तो तिथून थेट तारा झाला. आइस क्यूब 'बॉइझ एन द हूड'मधून (१९९१) आला आणि पुढे लेखक-निर्माता झाला. क्वीन लतिफा यांनी 'शिकागो'साठी ऑस्करचे नामांकन मिळवले, आणि नटाच्या आवाक्याच्या दृष्टीने मी त्यांना या सगळ्यांच्या वर ठेवीन. एल. एल. कूल जे याने २००९ ते २०२३ अशी चौदा वर्षे एका तपासमालिकेत काढली.

यांच्या तुलनेत आइस-टीचा आवाका लहान आहे, हे मोकळेपणाने कबूल करावे. 'टँक गर्ल'मध्ये (१९९५) त्याला कांगारू-मानवाचा मुखवटा चढवून उभे केले होते आणि त्या जाड रबराखाली त्याला काहीही करता आले नाही, कारण त्याचा अभिनय चेहऱ्याच्या बारीक हालचालींत आणि आवाजाच्या लयीत असतो. 'स्पेशल व्हिक्टिम्स युनिट'मध्ये नेमके तेच कामाला आले. अशा मालिकेत तपास करणाऱ्या पोलिसाला प्रत्येक भागात माहितीने भरलेली कोरडी वाक्ये बोलावी लागतात: मृत व्यक्ती कोण, शेवटची कोणाला दिसली, फोनच्या नोंदी काय सांगतात. चांगले चांगले नट या वाक्यांत अडखळतात. आइस-टी ती वाक्ये ठेक्यात टाकतो. कुठे थांबायचे आणि कोणता शब्द शेवटी सोडायचा हे त्याला रॅपने शिकवले आहे. रिचर्ड बेल्झर यांच्या मंच या पात्राबरोबरची त्याची जोडी म्हणूनच इतकी रंगली. बेल्झर मुळात रंगमंचावरचे विनोदवीर, हा रॅपर. दोघांचाही व्यवसाय वेळ साधण्याचा.

आणि दर आठवड्याला, वर्षानुवर्षे, एकाच माणसाची भूमिका वेळेवर येऊन चोख करणे याला आपण कला म्हणून पुरेसा मान देत नाही. २०१९ मध्ये ही मालिका, ॲनिमेशनपट वगळता, अमेरिकेतली सर्वाधिक पर्वे चाललेली मुख्य वेळेतली कथामालिका ठरली. तिच्यात मारिश्का हार्गिटे सोडल्यास इतका काळ टिकलेला दुसरा मुख्य नट नाही.

मृदंगी

नेपथ्य यांचा ठेक्याचा मुद्दा अगदी पटला. आइस-टीला रॅपर म्हणून कमी लेखणारे असे म्हणतात, की त्याच्याकडे राकिमसारखी गुंतागुंतीची यमके नाहीत. खरे आहे, नाहीत. त्याची यमके साधी, बहुधा ओळीच्या शेवटी येणारी असतात. पण ती साधी आहेत म्हणूनच गोष्ट अडत नाही. यमकाच्या करामतीकडे लक्ष गेले की श्रोत्याच्या हातून कथेचा धागा सुटतो, आणि कथा सुटली तर आइस-टीच्या गाण्यात फारसे काही उरत नाही.

सांजवारा

धागाकर्त्यांच्या उत्तराबद्दल आभार. केनचे प्रसंग मी पाहिलेले आहेत आणि त्यांत त्याचे काम चांगले आहे, हे मान्य करते. आइसबर्ग स्लिमबाबतचे माझे मत मात्र कायम आहे. एक विचारावेसे वाटते: रॅप या कलेविषयी त्याने स्वतः, वादापलीकडे जाऊन, काही ठोस काम केले आहे का?

कातळशिल्प (धागाकर्ता)

केले आहे, आणि ते या धाग्यात यायलाच हवे होते. 'समथिंग फ्रॉम नथिंग: द आर्ट ऑफ रॅप' हा माहितीपट त्याने अँडी बेबट यांच्यासह दिग्दर्शित केला आणि तो २०१२ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. पैसा, मोटारी, वैर, खून यांतले काहीही त्यात नाही. आइस-टी एकेका रॅपरसमोर उभा राहतो आणि कारागिराने कारागिराला विचारावे तसे विचारतो, की तू लिहितोस कसे. ग्रँडमास्टर कॅझ, राकिम, केआरएस-वन, नाझ, एमिनेम असे कित्येक जण त्यात आहेत. कोणी वहीवर खुणा करून ओळीतल्या मात्रा कशा भरतो ते सांगतो, कोणी कागदाशिवाय डोक्यात रचतो, आणि जवळजवळ प्रत्येक जण शेवटी वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजात, काही ओळी म्हणून दाखवतो. आइस-टी तेव्हा ऐकत उभा राहतो.

या कलेकडे समीक्षक गुन्हेगारीचे कुतूहल म्हणून किंवा समाजशास्त्राची सामग्री म्हणून पाहत असताना, ज्याच्यावर सर्वांत मोठे राजकीय वादळ येऊन गेले त्या माणसाने तिच्याकडे रचना म्हणून पाहण्याचा आग्रह धरला. सांजवारा, तुम्हाला राकिम यांचा भाग विशेष आवडेल; ते लिहायला बसताना कोऱ्या कागदावर आधी सोळा ठिपके काढतात, एकेक ठिपका म्हणजे तालाचे एकेक माप, आणि मग कोणत्या मापात किती शब्द बसतील याचा अंदाज घेत ओळी भरतात. मृदंगी यांनी तो भाग पाहून त्यावर स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती.